काठ पुसला होता का?

टापिओला, मिशिगन
४ सप्टेंबर

चि. कायसा हिस,
आयली मावशीचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. आमच्या जावयाच्या, डगच्या, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन एकोणीस नोव्हेंबरला ठरलं हे वाचून बरं वाटलं आणि तारीख इतकी लांबची का म्हणून रागही आला. त्याला म्हणावं, तोवर मीठ कमी खा आणि बढाया कमी मार. दोन्हींनी हृदयावर ताण येतो.

तू अजून हातानं पत्र लिहितेस याचं शेजारच्या लॉर्नाला फार नवल वाटतं. तिची स्वतःची मुलगी फोनवर वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवते आणि वाढदिवस, नाताळ, सर्दीपडसं सगळं त्यातच उरकते. मी तिला ऐटीत सांगितलं की आमची कायसा टोलेडोला दिवसभर कंपनीच्या नावानं अनोळखी माणसांना उत्तरं लिहिते, तेव्हा ओळखीच्या एका म्हातारीला दोन पानं लिहिली तर तिचं काही बिघडत नाही.

आता जी गोष्ट लिहायला बसले ती लिहिते, नाहीतर हवामानावरच पान संपेल. तळघरातल्या बरण्या बिघडल्या. शेंगांच्या अकरा आणि बीटच्या सात. घातल्या तेव्हा झाकणं नीट बसली होती. मी ओट्याशी खुर्ची टाकून, बरणी निवताना झाकण आत ओढून बसतं त्याचा प्रत्येकीचा टक् आवाज मोजला होता. तीन आठवड्यांनी खाली गेले तर झाकणं बोटानं उचलून आली. पंचावन्न वर्षं मी बरण्या घालते आहे, एकतीस वर्षं जत्रेतल्या स्पर्धेत दुसऱ्यांच्या बरण्यांची परीक्षा करते आहे, आणि माझं हे असं.

झाकणं तुमच्या ब्रॅमवेल कंपनीचीच होती, पण ही तक्रार नाही हं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी कधी म्हटलं नाही आणि आता म्हणणार नाही. माझंच काहीतरी चुकलं. काय चुकलं ते आठवेना, आणि आठवेना हेच मनाला लागलं आहे. तुझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं. आधी वेलदोड्याच्या पावात मीठ दोनदा पडलं, मग घरच्या वाटेचं वळण गेलं, शेवटी आम्ही दोघी बहिणी कोण तेही गेलं. तेव्हा मी तुझ्या आईला म्हटलं होतं, माझं असं व्हायला लागलं तर मला आधी सांग. ती तर केव्हाच गेली. आता सांगायला तूच उरलीस.

लोभ आहेच. उत्तराला उशीर केलास तर थोडा कापून घेईन.
तुझी,
आयली मावशी


टोलेडो, ओहायो
११ सप्टेंबर

ती. आयली मावशीस,
कायसाचा सा. न. वि. वि. उशीर केलेला नाही, लोभ पुरा पाठवावा.

मावशी, उरलेल्या शेंगा, बीट, जे काही या उन्हाळ्यात घातलंस ते सगळं टाकून दे. झाकण घट्ट दिसलं तरी टाक. चव घेऊन बघू नकोस. तू मला लहानपणी शिकवलं होतंस की बिघडलेल्या शेंगेला वास येईलच असं नाही, आणि तिच्या एका घासानं माणूस जातो. तुझंच तुला सांगते आहे.

इकडे कामानं आमचा नुसता चेंदामेंदा झालाय. इंडियानातल्या एका बाईनं कपाटातल्या चाळीस बरण्यांची झाकणं एकामागून एक नखानं उडवून दाखवली आणि ते चित्रण तीस लाख लोकांनी पाहिलं. तेव्हापासून आम्ही चौघी पाळीपाळीनं कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर बसतो. आलेल्या प्रत्येक तक्रारीला चाळीस मिनिटांच्या आत उत्तर गेलं पाहिजे, असा आमच्या ग्रेडीसाहेबांचा हुकूम आहे. उत्तराचा साचा ठरलेला. आधी हळहळायचं, मग विचारायचं की बरणीचा काठ पुसला होता का, आणि मग समोरच्याला खासगी निरोपांत घेऊन जायचं, म्हणजे भांडण चारचौघांत होत नाही. ग्रेडी म्हणतो की माफी मागायची, पण कशाबद्दल ते बोलायचं नाही. त्याच्या बायकोशी तो असाच वागतो म्हणे, आणि लग्न टिकलंय.

तुझं विसरणं एवढं मनावर घेऊ नकोस. एखाद्या उन्हाळ्यात होतं असं. कंपनी तपास करते आहे.

डग बरा आहे. जिना चढताना मध्ये थांबतो आणि भिंतीवरची चित्रं बघतोय असं दाखवतो. चित्र एकच आहे, तेही त्याच्याच आईचं.

तुझी,
कायसा


टापिओला
२२ सप्टेंबर

चि. कायसा हिस,
आशीर्वाद, वि. वि. सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या. मागच्या खड्ड्यात ओतून वर चुना टाकला, नाहीतर अस्वलं यायची.

लॉर्नाच्याही बिघडल्या. तिनं तुमच्या पानावर मोठी तक्रार लिहिली. बारा दिवस झाले, उत्तर नाही. गंमत म्हणजे तिला स्वतःच्या फोनवर ती तक्रार दिसते, पण डुलूथच्या तिच्या बहिणीला दिसत नाही. लॉर्ना म्हणते की आपण बोलतोय आणि समोर फक्त आपलीच भिंत आहे. तू आहेस ना तिथे, जरा बघ तिचं काय झालं ते. बिचारी रोज उघडून पाहते.

मात्र त्या पानावर तुमची ती डॉटीमावशी आहे ना, खोक्यावर जिचं अंबाडा घातलेलं चित्र असतं ती, ती बाई खरी जाणकार दिसते. लॉर्नानं मला तिची उत्तरं वाचून दाखवली. कुणा मुलीला तिनं लिहिलं होतं: काठ पुसला होता का, बाळा? घाईचं काम आपण विसरतो, बरणी विसरत नाही. माझ्या अंगावर काटाच आला. माझी आई अगदी असंच म्हणायची. इतक्या मायेनं कुणी विचारलं की माणूस स्वतःशी खोटं बोलू शकत नाही.

तेव्हा मी दार लावून घेतलं आणि डोळे मिटून आठवायला बसले. काठ पुसला होता का? हातातलं ओलं फडकं आठवतं. पण ते यंदाचं की मागच्या पंचावन्न वर्षांतलं कुठलंतरी, कसं सांगू?

म्हणून मी ठरवलं आहे, आणि तू आडवी येऊ नकोस. होटनच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली आहे. खिडकीतून कालवा दिसतो. पंधरा ऑक्टोबरला सह्या करायच्या. घर शिकागोचा एक माणूस घेतो म्हणतो. त्याला घराचं काही नाही, वाफेनं अंग शेकायचा आपला सौना आवडला. जत्रेचं परीक्षकपण मी सोडलं, तसं पत्रच देऊन टाकलं. चूल चालू ठेवून मी कुठेतरी निघून जाण्याआधी, डोकं ठिकाणावर आहे तोवर, आपल्या पायांनी गेलेलं बरं.

रडू नकोस. तुला निळा कॉफीपॉट ठेवला आहे. त्याचा कान तूच मोडला होतास.

मावशी


टोलेडो
२८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. हे पत्र दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून लिहिते आहे. वाचलंस की सौनाच्या चुलीत घाल. सह्या करू नकोस. आधी हे वाच.

डॉटीमावशी नावाची बाई नाही. कधीच नव्हती. डॉटी म्हणजे मी.

तीन वर्षांपूर्वी तिला बोलतं करायचं काम माझ्याकडे आलं. पहिला आठवडाभर मला एक वाक्य सुचेना. मग मी घरून तुझ्या पत्रांचा डबा आणला. घाईचं काम आपण विसरतो, बरणी विसरत नाही, हे तू मला लग्नाआधीच्या पत्रात लिहिलं होतंस, डगबद्दल. डॉटी जे काही शहाणपणाचं बोलते ते तुझं आहे. लोकांनी तिच्यावर जीव टाकला तो तुझ्यावर टाकला. मला वाटायचं, एक दिवस तुला सांगीन आणि तू हसशील.

आणि तुझं काहीही चुकलेलं नाही. झाकणाखालचं रबरासारखं जे कडं असतं, त्याचं मिश्रण वसंतात बदललं, स्वस्त केलं. खोक्याच्या तळाला ७के ने सुरू होणारा आकडा असेल तर ते झाकण आधी बसतं आणि तीन-चार आठवड्यांनी आपोआप सुटतं. काठ पुसा नाहीतर चाटा. हे कंपनीत आम्हा सात जणांना माहीत आहे. जुलैच्या शेवटच्या सोमवारी सांगितलं आणि लगेच गप्प राहण्याच्या कागदावर सह्या घेतल्या. वकील म्हणतात, माल परत मागवला तर चूक कबूल केल्यासारखं होईल. थोडं थांबलं की हिवाळा येईल, बरण्या खाऊन संपतील, ओरड थांबेल. मी पहिल्या पत्रात तपास चालू आहे असं लिहिलं ते खोटं होतं. तू तुझ्या डोक्यावर संशय घेते आहेस हे वाचूनही मी ते लिहिलं.

लॉर्नाची तक्रार मीच झाकली. तशी सोय असते. लिहिणाऱ्याला आपलं लिहिणं दिसत राहतं, बाकी कुणाला दिसत नाही. नाव वाचलं, ओळखलं आणि बटण दाबलं. त्या दिवशी तशा साठ झाकल्या.

मी नोकरी का सोडत नाही, ते तुला कळेलच. डगचं ऑपरेशन माझ्या नोकरीच्या विम्यावर आहे. ७के चा आकडा तुमच्या गावात फुटला तर सात जणांतलं तिथलं कोण, हे शोधायला त्यांना दुपारसुद्धा लागणार नाही. लॉर्नाला सांग म्हणावं तर माझं नाव निघतं, सांगू नको म्हणावं तर ती शेंगा खाईल. दोन्हीकडून आवळलेली आहे. तुला सांगून मी माझं ओझं हलकं केलं आणि तुझ्या डोक्यावर ठेवलं, हेही मला कळतंय.

घर विकू नकोस. तुझं डोकं माझ्याहून शाबूत आहे.

कायसा


टापिओला
६ ऑक्टोबर

कायसा,
पत्र जाळलं. जाळायच्या आधी चारदा वाचलं आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ओळीला राग आला.

माझे शब्द घेतलेस याचा राग नाही. शब्द काय, मीही आईकडूनच घेतले. पण ते फडक्यासारखे वापरून तुम्ही बायाबापड्यांच्या तोंडाला पानं पुसलीत. इतके दिवस मी रोज सकाळी उठून स्वतःला वार विचारत होते. न्याहारीला आठ राज्यांच्या राजधान्या म्हणून बघत होते. काठ पुसला होता का, या तुझ्या एका वाक्यापायी. हे लिहिल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नव्हतं. लिहिलं. आता झालं.

होटनला फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. शिकागोवाल्याला म्हटलं, सौनाला ये, पण टॉवेल घेऊन ये आणि संध्याकाळी परत जा.

उरला प्रश्न गावातल्या बायकांचा. माझ्या जुलैच्या वर्गाला चर्चच्या तळघरात सव्वीस जणी होत्या, आणि सव्वीस जणींच्या फळ्यांवर शेंगा होत्या. तुझं नाव येता कामा नये आणि शेंगा तर गेल्याच पाहिजेत. रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी मी उभी राहिले आणि सांगितलं की माझी चूक झाली. कुकरमध्ये बरण्या ठेवायची वेळ मी वर्गात दहा मिनिटं कमी शिकवली. आजच घरी जाऊन या उन्हाळ्यातलं सगळं टाकून द्या, झाकण कुठल्याही कंपनीचं असो. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे आवाज कापला आणि तो पश्चात्तापाचा वाटला, त्यामुळे बरं जमलं.

पण लॉर्ना तिची वही घेऊन आली होती. रताळी कुठली! गेली पंधरा वर्षं वही घरी विसरते आणि नेमकी त्या दिवशी आणली. तिनं पान काढलं. त्यावर वेळ बरोबर लिहिलेली होती, मी शिकवली तशीच. तिनं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटून पर्समध्ये टाकली. नंतर माझा दंड धरून मला गाडीपर्यंत नेलं, पट्टा लावून दिला आणि लहान मुलीला विचारावं तसं विचारलं की घरी जायचा रस्ता ठाऊक आहे ना.

कायसा, ते मला सहन झालं नाही. आजारी नसताना आजाऱ्यासारखं प्रेम घ्यायचं आणि वर आभार मानायचे. तिला खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

शेंगा मात्र गेल्या. चर्चमागे हिरवा ढीग पडला. काहींची झाकणं चांगली होती, त्यांचाही उन्हाळा माझ्या खोट्यात गेला. लॉर्नाच्या वहिनीनं मी बोलत असताना फोनवर चित्रण केलं आणि जत्रेच्या पानावर टाकलं, ज्या आल्या नाहीत त्यांनाही कळावं म्हणून. चांगलंच केलं.

डगला पथ्य पाळायला सांग. लोभ आहे. तो कापायचा प्रयत्न करून पाहिला, कापला जात नाही.

मावशी


टोलेडो
१५ ऑक्टोबर

ती. मावशीस,
कायसाचा सा. न. वि. वि. काल सकाळी ग्रेडीनं आम्हा चौघींना मोठ्या पडद्यासमोर बोलावलं. इतक्या दिवसांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं. त्यानं चित्रण लावलं. पडद्यावर तू होतीस. निळा स्वेटर, कोपराला ठिगळ असलेला. तू म्हणत होतीस की चूक माझी झाली.

ग्रेडी म्हणाला की देवानं पाठवलेली बाई आहे ही. एकतीस वर्षं परीक्षक असलेली बाई स्वतःच्या तोंडानं सांगते आहे की दोष हातांचा आहे. हे आपल्या पानावर लावा, वर डॉटीच्या दोन मायेच्या ओळी घाला आणि पैसे भरून देशभर दाखवा. मी त्याला विचारलं की त्या बाईला विचारायला नको का. तो म्हणाला की तिनं चारचौघांत टाकलंय, आणि अशा वयाच्या बायका हे बघत नाहीत. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण डॉटीचं काम माझं.

मी जागेवर जाऊन लिहिलं. ग्रेडीला हवं होतं तसंच लिहिलं: चुकतो आपण सगळेच, बाळांनो, कबूल करायला मोठं मन लागतं. त्यानं खांद्यावरून वाचलं आणि छान म्हणाला. तुझा आवाज माझ्या हाताला इतका बसला आहे की तुझ्याविरुद्धसुद्धा तो चटकन आला. तो गेल्यावर मी तसाच हात मांडीवर धरून बसले. डगची तारीख डोळ्यांसमोर होती. आणि तू गाडीत पट्टा लावून घेत बसलेली. मला वाटतं, मी इतकी घाबरले की उलट्या बाजूनं बाहेर पडले.

त्या दोन ओळी पुसल्या. दुसऱ्या लिहिल्या. लिहिलं की या बाईचं काहीही चुकलेलं नाही, ती कुणालातरी वाचवते आहे. खोक्याच्या तळाला ७के असेल तर ते झाकण टिकत नाही, काठ पुसलात तरी टिकत नाही, बरणी न चाखता टाकून द्या. आणि शेवटी लिहिलं की डॉटी नावाची कुणी नाही, ही उत्तरं मी लिहीत होते, मला माफ करा. आणि कशाबद्दल तेही लिहिलं. मग साठ तक्रारी उघड्या केल्या. लॉर्नाची सगळ्यात आधी.

सतरा मिनिटं राहिलं ते. मग ग्रेडी धावत आला. पण सतरा मिनिटांत लोकांनी फोटो काढून ठेवले होते, आणि आज संध्याकाळच्या बातम्यांत कंपनीनं ७के परत मागवल्याचं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. ते वकिलाच्या पत्रात आहे, कालच आलं.

घरी जाऊन डगला सांगितलं. तो जिन्यावर मध्येच बसला. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला की काही महिने विमा स्वतः भरून चालू ठेवता येतो, बोट विकू. मग म्हणाला की तशीही ती बोट आयलीमावशीला कधी आवडली नव्हती. रात्रभर दोघांनाही झोप नव्हती. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. तू रागावू नकोस. तुझं खोटं मी वाया घालवलं.

कायसा


टापिओला
२४ ऑक्टोबर

चि. कायसा हिस,
आयली मावशीचे अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि. बोट मला खरंच आवडली नव्हती.

लॉर्ना आली. दार आपटून आत शिरली, मला खोटारडी म्हणाली, म्हातारी घोरपड म्हणाली, मग खुर्चीवर बसून रडली आणि अख्खा वेलदोड्याचा पाव एकटीनं संपवला. तिला उत्तर कुणी दिलं नव्हतं याचं काय, तर म्हणते की तुझ्या भाचीला सांग, दीड महिन्याचा उशीर झाला, चाळीस मिनिटं कुठे गेली.

सगळं निस्तरलं असं समजू नकोस. खोटं घातलं की ते बरणीबाहेर काढता येत नाही. चर्चमधल्या निम्म्या जणी अजून माझ्याशी हळू बोलतात आणि निघताना वार सांगतात. जत्रेनं परत बोलावलं, पण यंदा सोबत एक मदतनीस देतो म्हणाले. मी हो म्हटलं. काय करणार. तुझ्या वकिलाच्या पत्राचंही मला कळत नाही. लॉर्नाचा भाऊ कोर्टात कारकून होता, त्याला दाखवू. नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, ऑपरेशनला, मी तिकडे असेन. सतराला बसनं निघते. हरणांच्या शिकारीचे दिवस, गाडीत सगळे नारिंगी डगले असतील, पण मी येईन.

काल बीट घातले. झाकणं दुसऱ्या कंपनीची. बारा बरण्या, बारा टक्. प्रत्येक बरणीचा काठ ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्यानं. निळं फडकं, पांढऱ्या रेघांचं, उजव्या कोपऱ्याला जळलेलं. तिसऱ्या बरणीच्या वेळी खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला. नवव्या बरणीला लॉर्नाचा फोन आला आणि मी तो उचलला नाही, कारण हात ओले होते.

मला सगळं आठवतं, कायसा.

दोन बरण्या तुमच्यासाठी आणते. लोभ होता, आहे, आणि आता तू बेकार झालीस तर पत्रं जास्त येऊ देत.
तुझी,
आयली मावशी